स्टबर्न म्हणजे आपल्यातलं कोण?

तीन ओळींच्या पत्राला दोन दिवस लावतो, याला काय म्हणायचं? थोरल्या मुलाचं हे वागणंच माईंना खटकत होतं. गिऱ्हाईकाचं माप घेताना ज्याला टेप सरळ धरायचा कंटाळा, तो दोन दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून इंग्रजी शब्द वेचत बसला होता.

पत्र होतं बेतकाम करणाऱ्या बाईंसाठी. माईंच्या शिलाईखान्यात अठरा वर्षं कापडाला पहिली कात्री त्यांनीच लावली. आता नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत त्यांना जागा मिळत होती. जुन्या मालकिणीचं शिफारसीचं इंग्रजी पत्र तेवढं हवं होतं. माईंना इंग्रजीत फक्त सही यायची, आणि न कळलेल्या कागदावर ती त्यांनी आजवर केली नव्हती.

"वाच गं," त्यांनी धाकट्या सुनेला बसवलं.

सून वाचता वाचता 'स्टबर्न'पाशी अडखळली. "म्हणजे... ठाम म्हणता येईल," ती दिराकडे चोरून बघत म्हणाली.

"ठामच," थोरला म्हणाला. "शब्द निराळा, अर्थ एकच."

"एकच असता तर दुसरा कशाला जन्माला घातला असता? तू दुधी रंग मागणाऱ्याला मोतिया देऊन बघ, तोंडावर फेकेल. म्हणे दोन्ही पांढरेच." माईंना आता गंमत वाटू लागली. खुर्ची पुढं ओढून त्या सुनेला म्हणाल्या, "अर्थ राहू दे, माणूस सांग. ठामला नेमका शब्द कुठला?"

"फर्म."

"आपल्यात फर्म कोण?"

"तुम्ही."

"आणि स्टबर्न? मी असले तरी सांग."

"धाकटे मामा. तुटक्या शिडीवर चढू नका म्हणून चौघं ओरडत होते, तरी चढले."

"आणि हात मोडून घेतला. बेतकामवालीनं केलंय असं कधी?"

"नाही. कापड आडव्या धाग्यावर बेता म्हटलं, तर त्या नको म्हणतात, तेवढंच."

"आणि त्यांचंच बरोबर निघतं. पुढं वाच."

पुढं 'कनिंग' आला. "हुशारला क्लेव्हर असतो, माई. कनिंग म्हणजे..." सुनेनं आवाज खाली आणला. "आपली अर्धी जागा गोड बोलून लिहून घेतली ना, ते भागीदार."

"कुठंय तो? दाखव." माईंनी शब्दावर बोट ठेवलं, चष्मा वर-खाली करून पाहिलं. "दिसायला किती गोजिरवाणा आहे."

"आई, मी खोटं काही लिहिलेलं नाही. डिक्शनरीत एका अर्थाखाली हे शब्द शेजारीशेजारीच असतात."

"शेजारी राहिले म्हणून काय एका चुलीवर जेवतात?"

थोरल्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात गणवेशांचं काम आहे. त्या गेल्या तर बेतणार कोण?"

सुनेनं हळूच कोरा कागद पुढं सरकवला. माईंनी तो थोरल्यासमोर ठेवला.

"हे मला येऊन विचारायचं होतंस. भीती तुझी, डाग त्यांच्या नावाला, आणि तोही माझ्या सहीनं? तू हुशार नाहीस आणि कनिंग व्हायचीही तुझी ऐपत नाही. तू भित्रा आहेस, आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला शिकायचं नाही. बस. फर्म लिही, क्लेव्हर लिही. आणि उद्या सकाळी त्यांच्या टेबलापाशी उभा राहून कात्री धरायला शीक. जायला अजून पंधरा दिवस आहेत त्यांना."