मधल्या धारेतली माफी

बचलनं तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि त्याची बहीण भागभरी अंगणात शिरली. डोक्यावर गाठोडं, गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"न्हाई नांदायची मी त्या खमीसोकडं! अमां, सांगून ठिवते, न्हाई म्हंजे न्हाई!"

"आगं, पर झालं काय?" म्हातारी चुलीपासून उठली.

"पल्ला झाला!"

सावनात नदीला पाणी चढलं की समुद्रातला पल्ला मासा धारेविरुद्ध वर येतो. त्या दिवसांत आमच्या काठावर दुसऱ्या कशाची कुणी चवच घेत नाही. खमीसोनं वर्षातला पहिला पल्ला आणला. भागभरीनं पोटात मसाला भरून तो तापल्या वाळूत पुरला, दुपारभर राखत बसली, वर नवऱ्याला काटे वेचून दिले. खमीसोनं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "चांगला झालाय. पर आमच्या हाकिमांच्या हाताची चव येगळी."

हाकिमां म्हणजे खमीसोची बहीण, आणि बचलची बायको. या घटकेला ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं जीभ चावली. बचलला मात्र हसू फुटलं.

"हस, हस!" भागभरी कडाडली. "तुजंबी हसू निघंल आता."

बचलचं हसू तिथंच विरलं. दोन्ही लग्नं एकाच दिवशी, एकाच बोलीवर झाली होती. याची बहीण त्याला, त्याची बहीण याला. अशा अदलाबदलीत एक पोर रुसून माहेरी आली की दुसरीनंही आपलं गाठोडं बांधायचं, मग तिचा संसार कितीही गोडीत चाललेला असो. आणि बचलचा संसार तर असा गोडीत चालला होता की शेजारपाजारचे त्याला चिडवत.

दिवस कलायच्या आत पल्याडहून खमीसोचा बाप, चाचा होथी, होडी घेऊन हजर झाला. पाणीसुद्धा प्याला नाही.

"तुमची पोर तुमाला पोचली. आमची आमाला द्या."

हाकिमां रडत रडत उठली. दारात बचलजवळ क्षणभर थांबली. "म्हशीला पेंड भिजवून घाला," ती हळूच म्हणाली, "आन येड्यावानी करू नगासा."

बचलनं मान डोलावली आणि त्या दिवसापासून येड्यावाणीच करू लागला.

म्हशीनं त्याला सडाला हात लावू दिला नाही. त्यानं हाकिमांची जुनी ओढणी डोक्यावर घेतली, तिच्यासारखं गुणगुणून पाहिलं. म्हशीनं वळून त्याच्याकडं नीट पाहिलं आणि बादली लाथाडली. घरात वेगळीच तऱ्हा. रांधायचं भागभरीनं, आणि ताट वाढून समोर बसायचं.

"कसं झालंय?"

"झ्याक!" बचल घास तोंडात जायच्या आधीच म्हणायचा.

"खाल्लं कुटं आजून?"

"वासानंच कळतंय की."

संध्याकाळी तो बंधाऱ्यावर जाऊन बसे. समोर नुसतं गढूळ पाणी, आणि पल्याड हाकिमांच्या माहेरचा धूर. तिची इतकी आठवण येई की त्याला जेवण जाईना. धूर बघून तो स्वतःशीच म्हणे, आत्ता ती भात टाकत असेल.

शेवटी त्यानं अमांला गाठलं. "अमां, आपुन मेड नेऊ."

मेड म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांनी गुन्ह्याची माफी मागायला दुसऱ्याच्या दारात जायचं. बाईनं डोईवरची चादर उतरवून उंबऱ्यात पसरायची, पुरुषानं पागोटं ठेवायचं. दारात आलेली मेड आमच्याकडं वैरीसुद्धा परतवत नाही.

"आपुन का?" अमां फणकारली. "आपली पोर रुसलीया. त्यांनी यावं. तुजा काय गुन्हा?"

"आसंल कायतरी. तितं गेल्यावर आटवंल."

 भागभरी गोठ्यात असल्याची खात्री करून अमां बचलच्या कानाशी लागली. "चल, जाऊ. खरं सांगू का, लई मीठ घालती रे ही. खमीसोचं काई चुकलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते माई सभाईच्या होडीत बसले. सभाई मोहाणी, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांतली. होडीतच जन्मलेली, होडीतच म्हातारी झालेली विधवा. चूल, गोधडी, कोंबड्यांचं डालगं, सगळं होडीवर. अमांनं चादर उतरवून हातावर घेतली. भागभरी पाठ करून बसली. "मी उतरायची न्हाई, सांगून ठिवते," म्हणाली. गाठोडं मात्र तिनं आठवणीनं घेतलं होतं.

मधल्या धारेत आले तर समोरून दुसरी होडी. तिच्यात खमीसो वल्हं मारतोय, मागं हाकिमां गाठोडं मांडीवर घेऊन बसलीय, आणि पुढं चाचा होथी बोडक्या डोक्यानं, पागोटं दोन्ही हातांत धरून.

दोन्ही होड्यांवरची वल्ही थांबली. मग अमांनं हळूच चादर डोक्यावर घेतली. चाचानंही पागोटं डोक्यावर चढवलं.

"कुटं निगालायसा, अदा होथी?" अमांनं भावाच्या नात्यानं विचारलं.

"आमी व्हय? जरा पाणी बगाया. तू कुटं, अदी?"

"वारा खायाला."

"चादर उतरून?"

"तुमी पागोटं हातात घिऊन पाणी बगता व्हय?"

बचलला वाटलं, संपलं, आता हसतील आणि मिटेल. पण चाचाच्या चेहऱ्यावर तेज चढलं. समोरचा नमायला निघाला होता, हे कळल्यावर आपण कशाला नमायचं?

"म्हंजे मेड निगाली हुती तुमची!" तो छाती काढून म्हणाला. "चला की मग आमच्या दारात. माफ करून टाकतो."

"आमी का? तुमी चला आमच्या दारात. आमीबी दिलदार मानसं हाय."

"आमी आदी निगालो!"

"म्हंजे गुन्हा तुमचा!"

सभाईनं दोन्ही होड्या दोरानं जुंपल्या, धक्का लागून फुटू नयेत म्हणून. होड्या भांडत भांडत खाली वाहू लागल्या. बचलनं हाकिमांकडं पाहिलं. ती वाळली होती. तिनं डोळ्यांनीच विचारलं, काय करायचं?  एका हाताच्या अंतरावर बायको, आणि ती पुन्हा त्या काठाला परत जाणार, या विचारानं बचलला रडू यायला लागलं.

"भागी, बरी हायस?" खमीसो चाचरत म्हणाला.

"तुमाला काय त्येचं?" भागभरी म्हणाली. पण आता ती तोंड वळवून त्याच्या समोर बसली होती.

पुढं भोवऱ्याची घरघर ऐकू यायला लागली. तशी सभाईनं वल्हं फळीवर आपटलं. कोंबड्या ओरडल्या.

"गप बसा समदी! ही होडी माजं घर हाय. हितं जन्माला आले, हितं लगीन झालं, हितंच मरनार. तू ग, चादर काढून कुनाच्या घरात बसलीस? माज्या! आन तू रं, पागोटं हातात घिऊन कुनाच्या घराला येऊन भिडलास? माज्या! दोनी मेडी माज्या दारात आल्याती. दोगास्नीबी म्या माफ केलं. पोरी बदला, न्हाईतर उतरा माज्या घरातनं."

खाली गढूळ पाणी गरगरत होतं. कुणी उतरलं नाही.

"पर तुजा गुन्हा कुनी केलाय?" अमांनं विचारलं.

"भर पुरात माजी होडी भोवऱ्यात घालाया निगालायसा, त्यो गुन्हा न्हाई?"

चाचा विचारात पडला. इथं नमलं तर व्याह्यांपुढं नमल्यासारखं होत नव्हतं. त्यानं अमांकडं पाहत पाहत पागोट्याला हात घातला. अमांनं त्याच्याकडं पाहत पाहत चादरीला. दोघांनी एकदमच उतरवलं, आणि सभाईपुढं ठेवलं. कुणी आधी ठेवलं, याबद्दल आजही दोन्ही काठांवर एकमत नाही.

खमीसोनं हात पुढं केला. तो न धरता भागभरी त्या होडीत गेली, पण होडी हलली तशी त्याच्याच खांद्याला लटकली. हाकिमां इकडं आली आणि बचलला चिकटून बसली. सासूसमोर असं बसणं बरं दिसत नाही, पण अमांनं तोंड कोंबड्यांकडं वळवलं. बचलनं तिचं गाठोडं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

दोर सुटला. होड्या आपापल्या काठाकडं वळल्या. थोडं अंतर पडलं असेल-नसेल, मागून पाण्यावरनं आवाज यायला लागले. आधी खमीसोचा, हळू. मग भागभरीचा, त्याहून मोठा. मग पुन्हा तिचाच, आणखी चढा. शब्द काही कळत नव्हते.

हाकिमांनं बचलचा दंड घट्ट धरला. अमां वळून बघायला लागली.

"मागं बगू नगासा कुनी!" बचल ओरडला. आणि जन्मात कधी होडी न वल्हवलेला तो गडी दुसरं वल्हं उचलून सभाईच्या शेजारी बसला आणि जीव खाऊन पाणी कापू लागला.