मास्तरीणबाईंच्या गोळ्या

सासूबाईंनी गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तेही सुनेच्या डोळ्यांदेखत!

"पाळी आणायच्या गोळ्या म्हणे! तीन महिने चुकलीय. दिवस गेले असले म्हणजे? आपल्या हातानं घालवायचंय का?"

सून कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. कापडाच्या शंभर थरांवर यंत्र फिरवताना तिचा हात कधी हलला नाही. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. घरात मात्र मूल नाही म्हणून चार वर्षं ती टोमणे गिळत आली होती. त्या दिवशी तिने मान वर केली.

"आई, दिवस गेलेले नाहीत हे तपासूनच डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. विश्वास नसेल तर चला माझ्याबरोबर." मग ती नवऱ्याकडे वळली. "तूही चल."

"मी कशाला?"

"मूल काय माझ्या एकटीचं होणार आहे?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना समोर बसवलं. "हिला पीसीओएस आहे. बीजकोशातून स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. मग गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारं संप्रेरक तयार होत नाही. अस्तर वाढत राहतं, झडत नाही. गर्भ राहायला अडचण येते. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर कर्करोगाचा धोकाही वाढतो. या गोळ्यांनी साचलेलं अस्तर निघून जाईल. पुढे बीज सुटायला औषध देऊ. अशा पुष्कळ जणींना मूल होतं."

"आणि नाही झालं तर?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांच्या आधी सूनच बोलली. "नाही झालं तरी मला जगायचंय, आई! मी आधी माणूस आहे!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "माझ्या धाकट्या बहिणीचं असंच व्हायचं," त्या पुटपुटल्या. "वांझ म्हणून हाकललं तिला. डॉक्टरकडे कुणी नेलंच नाही. मीही गप्प बसले."

नवऱ्याने स्वतःच्या तपासणीची चिठ्ठी मागून घेतली. गोळ्या पुन्हा विकत घेतल्या, त्या सासूबाईंनीच.

आठवड्याभराने शेजारणीने सासूबाईंना जिन्यात गाठलंच. "काय हो, काही गोड बातमी? की दुसरी सून बघायची?"

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या सुनेवर उपचार चालू आहेत, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही! तुमच्या लेकीची पाळी चुकते म्हणाला होतात ना? तिला आधी डॉक्टरला दाखवा!"

वरच्या पायरीवर मास्तरीणबाई खुदकन हसली.

वाचकहो, चुकलेली पाळी हे कुणाचं पाप नव्हे. आपल्या घरातली सून, लेक, बहीण गप्प असेल तर तिला विचारा, जीभ आवरा आणि तपासणीला तिच्यासोबत चला!