तीन टिंबं

माझ्या हातून कुठलाही पार्ट गाडीवरून उतरला की मी त्यावर पंच ठेवून हातोडीने तीन टिंबं मारतो. मग तो पार्ट कुठेही जाऊ दे, परत आला की तोच आहे की बदलून आणलाय, हे मला लगेच कळतं. गिऱ्हाइकं हसतात. बायको म्हणते, "लग्नात माझ्यावरही मारली असतील, मलाच दिसली नाहीत." हसू देत. एकवीस वर्षं गॅरेज चालवतोय, साधा नटसुद्धा मला फसवून कुणी बदललेला नाही.

माझ्या धाकट्या भावाची गाडी मात्र अगदी गळ्याशी आली होती. त्याला सगळे बारक्या म्हणतात, अंगाने दरवाजाएवढा असला तरी. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी तिच्यात इंजिनाचा जोर वाढवणारा मोठा टर्बो बसवला आणि कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा लोखंडी डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि ती विषारी धूर गिळते. तो काढला की गाडी मोकळा श्वास घेते आणि मागून येणारे नाक दाबतात. त्या कामासाठी तीन महिने दर रविवारी आम्ही दोघं गाडीखाली शेजारी-शेजारी उताणे पडलो होतो. एरवी आमच्यात फारसं बोलणं नाही. तेवढंच काय ते आमचं भाऊपण, ते त्या गाडीत आहे.

आणि आता नवा नियम आला. धूर-तपासणीत तीनदा नापास झाली की नोंदणी रद्द आणि गाडी थेट भंगारात. पहिल्यांदा आम्ही ती होती तशीच नेली, तेव्हा काय व्हायचं ते झालं. मग सगळं मुळावर आणलं. जुना टर्बो बसवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग कंपनीचं केलं, आणि बारक्याने घरून मूळ कन्व्हर्टर आणला.

तो त्याने जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता. चादर सोडली तर आत डबा काळा कुळकुळीत, चकाकणारा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"याला रंग कुणी दिला?"

"मीच. गंज बरा दिसत नव्हता."

"गाडीच्या पोटाखाली वाकून कोण बघणार आहे?"

"तू," बारक्या म्हणाला आणि हसला.

मला ते हसणं आवडलं नाही. तो चहा प्यायला गेल्यावर मी डब्याच्या पुढच्या तोंडाजवळ पॉलिश पेपर मारून बघितलं. टिंबं मी नेहमी पुढच्या तोंडाजवळच मारतो. रंग निघाला, खाली साधं लोखंड. एकही टिंब नाही. तरी मी तो बसवून टाकला. गॅरेजमध्ये पंधरा मिनिटं इंजिन चालवलं आणि माझं मीटर लावलं, तर आकडे इतके चांगले की बारक्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, असेल, माझीच चूक असेल.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासणी केंद्रावर मीच नेली. बारक्याला कामावर जायचं होतं, आणि तसंही असल्या कामाला मी कुणाला पाठवत नाही. रांगेत पुढे बऱ्याच गाड्या होत्या. मी गाडी बंद केली आणि किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली. किल्ली लावलेली गाडी सोडून मी कधी चार पावलंही जात नाही. आणि मला तर उतरायचंच होतं, तपासनीस काय करतो ते बघायला.

तपासनीस बारीक अंगाचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी तपासणीच्या खोलीच्या खिडकीला नाक लावून त्याच्या हातांवर नजर ठेवली. प्रत्येक गाडीनंतर तो धूर मोजायची नळी फडक्याने पुसत होता. का पुसत होता? कुणाची जास्त पुसली, कुणाची कमी पुसली, हे मी मोजलं. मधूनमधून रांग सरकली की गाडी ढकलत पुढे घ्यायची, चालू करायचीच कशाला. असा पाऊण तास गेला.

आमचा नंबर आला. त्याने वायर जोडली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "गाडी गार आहे. दहा मिनिटं फिरवून आणा, मग लावतो."

असले डाव मला कळतात. मी फिरवायला गेलो की नंबर गेला, आणि परत आलो की हा सांगणार, आता उद्या या, नाहीतर बघा काही जमतंय का.

"आत्ताच लावा," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांदेखत."

"अहो, तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

"माझा फायदा मी बघतो."

त्याने खांदे उडवले आणि नळी लावली. गाडी नापास झाली. कागद त्याने हातात दिला, तो मी न वाचताच चुरगाळून सीटखाली टाकला. ज्या माणसाचा भरवसा नाही, त्याचं लिहिलेलं काय वाचायचं?

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाचं तुमच्याशी काय वैर असणार? त्याने तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघितलं."

ते मात्र खरं होतं. मग शंका जी तपासनिसावरून उठली, ती जागा शोधत फिरत राहिली आणि शेवटी बारक्यावर जाऊन बसली. खऱ्या डब्यात मौल्यवान धातू असतो. तो विकून लोक हुबेहूब दिसणारा नकली बसवतात. नकली चार दिवस चालतो आणि मग मान टाकतो. आमच्या गॅरेजमध्ये पास, तिथे नापास. टिंबं नाहीत. वर ताजा रंग. गेल्या महिन्यात बारक्याला मी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याशी बोलताना बघितलं होतं, तेही आठवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. स्वतःचा भाऊ, आणि माझ्याच तोंडाला पानं पुसतो! मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटत होतं.

तिसरी आणि शेवटची तपासणी शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी बारक्या कामावर असताना मी डबा उतरवला, शिकंज्यात आवळला आणि ग्राइंडर चालू केला. उघडा पाडतोच, म्हटलं. शुक्रवारी काय लावणार, याचा मी विचारच केला नव्हता.

पाती पत्र्यातून आत गेली आणि काहीतरी कट्‌कन तुटलं. वरचा पत्रा उचलला, तर आत जाळी होती. दाट, सलग, एक भोक बुजलेलं नाही. कंपनीचा शिक्का जागच्या जागी. मधोमध माझ्या पातीने गेलेली चीर. बघता-बघता जाळीचा अर्धा तुकडा सुटला आणि फरशीवर पडून त्याचा भुगा झाला.

ग्राइंडरच्या धगीने मागच्या टोकाचा रंग फुगून निघाला होता. तिथे पत्र्यावर तीन टिंबं होती.

तेव्हा आठवलं. सहा वर्षांपूर्वी पुढच्या तोंडावर उष्णता अडवणारं, आता गळून गेलेलं झाकण होतं, पंच बसेना, म्हणून मीच मागे मारली होती.

"दादा!" दारातून बारक्याचा आवाज आला. तो लवकर सुटला होता. हातात चुरगाळलेला कागद होता. "सकाळी गाडी पुसताना हा सीटखाली सापडला. यात खाली लिहिलंय बघ, इंजिन थंड, तापमान अपुरं. रांगेत बंद केली होतीस का रे? डबा तापल्याशिवाय काम कसा करेल? उद्या चालूच ठेवू, आरामात पास..."

मग त्याला शिकंजा दिसला.

डबा तापल्याशिवाय काम करत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

बारक्या जवळ आला. खाली वाकून त्याने भुगा बोटाने चाचपला, मग टिंबांवरून अंगठा फिरवला.

"नकली वाटला तुला?"

"वाटला," मी म्हणालो. "त्या भंगारवाल्याशी बोलत होतास..."

"जुन्या टर्बोचा क्लॅम्प शोधत होतो. परवा तूच बसवलास." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं माझ्या पलंगाखाली होता दादा हा. तूच म्हणाला होतास, गॅरेजमध्ये ठेवू नकोस, इथे कुणाचा भरवसा नाही."

"दुसरा मागवतो मी."

"उद्या सकाळपर्यंत?"

दुसरा यायला तीन आठवडे लागतात. हे त्यालाही माहीत होतं. मी झाडू घेतला, पुन्हा ठेवला. मला त्याची माफी मागायची होती, शब्द अगदी ओठांवर आले होते.

बारक्या गाडीपाशी गेला आणि त्याने बॉनेटवर हात ठेवला. मग हात पुढे करून म्हणाला, "किल्ली दे."

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला, आणि तोंडातून निघून गेलं, "कशाला?"

बारक्याने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. फळीवरची जुनी चादर उचलली, नीट घडी घातली, काखेत धरली आणि चालत निघून गेला. मी खिसा घट्ट धरून तिथेच उभा होतो.