बत्तीस जणींचा एक बिल्ला

आमच्या शिलाई विभागात बायका बत्तीस आणि बाथरूमला जायचा लाकडी बिल्ला एकच. तो हातात असेल तरच मशीनवरून उठायचं, हा मालकांचा नियम. मी तिथली कामगार अधिकारी. म्हणजे मालकांच्या डोक्यातली खुळं सभ्य भाषेत टाइप करणारी.

आज त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "त्या कॉलर लावणारीला मेमो द्या. काल बिल्ला न घेता उठली."

"बिल्ला सुपरवायझरच्या खिशात होता, आणि तो जेवायला गेला होता," मी म्हटलं. "बाईला सातवा महिना आहे. पाऊण तास कळ काढली तिने."

"मग आणखी पाच मिनिटं काढायची! आज हिला सोडलं तर उद्या सगळ्या डोक्यावर बसतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली गेले आणि सुपरवायझरकडून बिल्ला घेऊन आले. मालक पाठमोरे फोनवर कुणावर तरी खेकसत होते. केबिनला लागूनच त्यांचं खाजगी बाथरूम आहे. दाराला किल्ली होतीच. ती फिरवली, काढून घेतली आणि मी समोर बसून मेमो लिहायला लागले, मुद्दाम सावकाश. तेवढ्या वेळात त्यांनी दोन कप चहा रिचवला.

शेवटी ते उठले. दार ढकललं, पुन्हा ढकललं.

"किल्ली कुठंय?"

"किल्ली देते की," मी पर्स उचलत म्हटलं. "पण आधी बिल्ला लागेल. तो माझ्या खिशात आहे, आणि मी जेवायला चाललेय."