बारावा पोकळा

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणायचे. तीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला आणि भाचीच्या ओळखीने ती व्हिडिओ गेम तपासायला लागली. काम तेच, चुका शोधायचं. फक्त इथल्या चुका हलत्याबोलत्या होत्या. दिवसभर ती गेममधल्या भिंतींना धडका मारायची, नको तिथे उड्या टाकायची आणि काय बिघडतंय ते वहीत लिहून ठेवायची.

गेमचं नाव ‘सात दरवाजे’. हा चौथा भाग. खेळणारे त्यातल्या भुतांवर फिदा होते. त्या भुतांना पोकळे म्हणत. माणसाच्या आकाराचं धुकं, आत काही नाही, आणि तुम्ही दिसलात की थेट अंगावर. पहिल्या भागापासून सगळ्या पोकळ्यांची चाल एकाच नटाची होती. पांढऱ्या ठिपक्यांचा काळा पोशाख घालून तो कॅमेऱ्यांपुढे सरपटायचा, कोसळायचा, आणि त्याच्या हालचाली भुतांना चढवल्या जायच्या. अंग असं वळायचं की त्याचं नावच रबर पडलं होतं.

त्या दुपारी मावशी तिसऱ्या दरवाजाच्या विहिरीपाशी पोचली. तिथे अकरा पोकळे होते. तिने अकराही मारले. आता दार उघडायला हवं होतं आणि ते उघडलंही. पण विहिरीच्या कठड्याला टेकून आणखी एक पोकळा बसला होता.

मावशी तलवार उगारून जवळ गेली. तो हलला नाही. डावा हात त्याने अंगाशी घट्ट धरला होता आणि उजव्या हाताने तो सावकाश जबडा चोळत होता. चोळायचा, थांबायचा, पुन्हा चोळायचा. धुक्याला चेहरा नसतो, तरी मावशीला वाटलं, हा कुणाला तरी हाक मारायची की नाही या विचारात आहे.

तिने शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर मुलीला बोलावलं.

“विहिरीपाशी किती पोकळे आहेत गं?”

“अकरा. का?”

“मग हा कोण?”

मुलीने यादी काढली, पुन्हा काढली. “यात बारावा नाहीच, मावशी. आणि ही असली बसायची हालचाल आपण कधी घेतलेलीच नाही.” तिने खुर्ची जरा मागे सरकवली. “बंद करा ना ते.”

मावशीने बंद केलं नाही. नऊ वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तिचा नवरा अगदी असाच बसला होता. डावा हात अंगाशी, उजव्याने जबडा चोळत. “पित्त झालंय, होईल कमी,” म्हणाला होता. ती भाजी चिरत राहिली होती.

पोकळ्यांची चाल रबरची असायची. ती उठली आणि तडक खालच्या शूटिंगच्या हॉलमध्ये गेली. रबर उड्या मारायच्या तयारीत होता.

“जबडा दुखतोय का रे तुझा?”

तो हसला. “मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं? दोन दिवस झाले. अक्कलदाढ येत असेल, उशिरा का होईना.”

“आणि डावा हात?”

त्याचं हसू जरासं उतरलं. “थोडा भरून येतो. वय झालं आता, चाळिशी उलटली.”

“पोशाख काढ. डॉक्टरकडे जायचंय.”

“शूटिंग आहे हो!”

“तू येतोस की मी आरडाओरडा करू?”

तो आला, वाटेत तिची टिंगल करत आला. दवाखान्यात मात्र तपासणी झाल्यावर कुणी त्याला खुर्चीतून उठू दिलं नाही. हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या. संध्याकाळी ऑपरेशन झालं.

दीड महिन्याने तो ऑफिसात आला, वाळलेला, पण स्वतःच्या पायांवर. त्याला तो पोकळा बघायचा होता. मावशीने विहिरीपर्यंत नेलं. अकरा पोकळे चवताळून आले, मेले. कठडा रिकामा होता. रबर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

“गेला वाटतं,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “बरं झालं ना?”

मावशीने वहीत ‘विहीर, अकरा’ असं लिहिलं.

गेम बाजारात आला. खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचायचं काम मावशीकडे होतं. तिसऱ्या आठवड्यात एक पत्र आलं. त्यात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. ‘विहिरीपाशी एक पोकळा लढत नाही, नुसता बसतो आणि उजवा डोळा हाताने झाकून परत उघडतो, जणू तपासून बघतोय. माझी ताई हल्ली अगदी असंच करते. किती बारकाईने केलंय तुम्ही!’

मावशीने ते दोनदा वाचलं. उत्तर पाठवण्याआधी साहेबांना दाखवायचा नियम होता. तिने तो पाळला नाही. लिहिलं, ‘ताईला आजच्या आज डॉक्टरकडे घेऊन जा. कारण विचारू नका. काय झालं ते मला कळवा.’

पत्र पाठवून तिने पुढची तक्रार उघडली. दर पाच मिनिटांनी ती उत्तर आलंय का बघत होती. अजून आलं नव्हतं.