सोडियमचा नियम

१९९९च्या त्या मे महिन्यात इंगळे सरांचा मला इतका वैताग आला होता की फिजिक्स विभागाचा जिना चढतानाच डोकं दुखायला लागायचं. सोमवारी एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचं होतं आणि त्याआधी एम.फिल.च्या प्रबंधावर गाईड म्हणून सरांची सही हवी होती. बाबा पोस्टात, भंडाऱ्याहून बदली होऊन पुण्यात आलेले. त्यांचं एकच पालुपद, "आम्रपाली, डिग्री हाती घे, मंग काय करायचं ते कर." आमच्या घरात एवढं शिकलेलं आधी कुणी नव्हतं. आणि सरांचं म्हणणं, हायड्रोजनचं उत्तर जुळल्याशिवाय सही नाही.

गणित तसं साधं. अणूवर विद्युतक्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉन एका अंगाला सरकतो आणि अणू थोडा कलतो. यालाच ध्रुवीभवन म्हणायचं. पण इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या, त्याला मनाला येईल तसं सरकता येत नाही. त्यासाठी तळाच्या पातळीला वरच्या पातळ्यांमधून थोडं थोडं मागून घ्यावं लागतं. जवळची जास्त देते, लांबची कमी; शेजारच्या घरून वाटीभर साखर पटकन मिळते, तसंच. सगळ्यांकडून आलेलं मिळवलं की अणू किती कलेल ते कळतं. हायड्रोजनसाठी बेरीज साडेचार यायला हवी. माझी पावणेचारच्या आतच अडकली होती.

"आणखी पातळ्या घ्या," सर म्हणायचे. घेतल्या. उत्तर जागचं हलेना.

"आपल्याला कंपनीचे वेध लागलेत. त्यात हायड्रोजनचा काय दोष?"

मी दात आवळून खाली यायचे. विभागात कॉम्प्युटर एकच, त्यावर अर्धी मुलं जावा शिकत बसलेली, त्यांना उठवा, मग पुन्हा तेच उत्तर बघा. प्रोग्रॅम माझा नव्हता. तो समाधाननं लिहिलेला. समाधान सरांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी. तो सॉफ्टवेअरमध्ये गेला त्या दिवसापासून सरांनी त्याचं नाव टाकलं. त्याचा प्रोग्रॅम मात्र चालत होता. तो आतून उघडून बघायचा नाही आणि समाधानशी संबंध ठेवायचा नाही, असा विभागाचा अलिखित कायदा होता.

शनिवारी माझा संयम संपला. पीसीओवरून समाधानला फोन लावला. तो कसबा पेठेत राहायचा. तिथल्याच अमृततुल्यात चहाला भेटलो. माझं रडगाणं ऐकून तो हसायला लागला.

"अगं, ती बेरीज शून्यावर थांबते. एनर्जी शून्याच्या वर गेली की इलेक्ट्रॉन अणूतून सुटला, फ्री झाला. सर म्हणाले होते, सुटलेल्यांना धरायचं नाही."

"का पण?"

"सरांचं आयुष्य गेलं सोडियमवर. सोडियमला शेजारची पातळी इतकी जवळ, की जवळजवळ सगळं तिथूनच मिळतं. बाकीचे नसले तरी चालतं. मग तोच रूल झाला. हायड्रोजनला शेजारीच लांब राहतो. तिथे सुटलेल्यांचा वाटा ऑलमोस्ट एक पंचमांश असतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू बघितलंयस ना सरांशी बोलून?"

मला त्याचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पुस्तकात 'सर्व अवस्थांवर बेरीज' असं सरळ लिहिलेलं होतं, मी ते कितीदा तरी वाचलं होतं. पण सरांनी दिलेला प्रोग्रॅम चुकेल कसा? संध्याकाळी विभागात जाऊन सुटलेले इलेक्ट्रॉन धरले. साडेचार आलं. आनंद कसला, डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

सर रविवारीही विभागात यायचे. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट वाचला.

"कुणी सांगितलं हे?"

स्वतःलाच सुचलं म्हटलं असतं तर सही तिथल्या तिथे मिळाली असती. बाबांचा चेहराही डोळ्यांसमोर आला. पण मला आता या सगळ्या लपवाछपवीचा कंटाळा आला होता.

"समाधाननं. सर, सोडियमचा नियम सगळ्यांना लावता येत नाही. गेलेलेही मोजावे लागतात. आता सही करायची नसेल तर नका करू."

सरांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "नंबर द्या त्याचा."

त्यांनी स्वतः फोन फिरवला.

"समाधान? इंगळे बोलतोय. मी चुकीचं सांगतोय हे तुला तेव्हा कळलं होतं ना? मग ऐकलंस कशाला?"

पलीकडून समाधान काहीतरी म्हणाला. सर ऐकत राहिले.

"ते असू दे. पण इतक्या वर्षांत एक फोन करता आला नाही तुला?"

ज्यांनी त्याचं नाव घ्यायला बंदी केली होती तेच हे विचारत होते. रिसीव्हर कानाला तसाच धरून त्यांनी माझा प्रबंध पुढे ओढला आणि सही केली. ती फार वाकडी आली.