लादोगाचा चमचा, तांदुळ्याचे पाणी

मी एक जुना पितळी चमचा आहे. पण मित्रांनो, मला पाहून ताट पुढे करू नका. मला दांडा नाही. दांड्याच्या जागी एक भोक आहे आणि दुसऱ्या टोकाला तीन आकड्यांचा गळ लोंबतो आहे. माझ्याने कोणाला घासभर भात वाढणे होणार नाही. मी मासे फसवणारा चमचा आहे. हे ऐकून कोणी नाक मुरडले तरी माझी हरकत नाही. मी माझी गोष्ट घडली तशी सांगणार आहे.

माझा जन्म फार दूर झाला, रशियातल्या लादोगा सरोवराच्या काठी. सरोवर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गावचा तलाव येईल. लादोगाचा मात्र दुसरा काठ दिसत नाही आणि भर उन्हाळ्यातही त्याच्या पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात. तिथे येगोर नावाच्या मुलाच्या घरी मी जेवणाच्या मेजावर सुखाने राहत होतो. एके दिवशी येगोरच्या वडिलांनी मला उचलले, करवतीने माझा दांडा कापला, मला भोक पाडले आणि गळ जोडला. माझी एक बाजू घासून लखलखीत केली, दुसरी चुलीच्या धुरावर धरून काळी केली. येगोरची आई फार चिडली. घरात चमचे आधीच कमी, त्यातला एक यांनी मोडून ठेवला होता. संध्याकाळी वडील हातभर लांबीचा सॅल्मन मासा घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा कुठे तिचा राग उतरला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

माझे काम तुम्हाला समजले पाहिजे. होडीच्या मागे लांब दोर सोडायचा. त्याच्या टोकाला मी. मग होडी अगदी सावकाश वल्हवायची. मी खोल पाण्यात कोलांट्या खात मागून येतो. कधी उजळ बाजू वर, कधी काळी. सॅल्मनला किंवा ट्राउट माशाला वाटते, एखादी जखमी मासोळी चालली आहे, आणि तो झडप घालतो. येगोरचे वडील एकटेच जात. दोन्ही हात वल्ह्यांवर गुंतलेले, म्हणून ते दोर दातांत धरत. मासा लागला की त्यांच्या मानेला असा हिसका बसे की येगोर काठावर हसून लोळत असे.

पुढे युद्ध आले. त्या हिवाळ्यात सरोवर गोठले आणि शत्रूच्या वेढ्यात अडकलेल्या उपाशी शहराला पीठ पोचवणाऱ्या गाड्या बर्फावरून धावू लागल्या. येगोरचे वडील अशाच एका गाडीबरोबर गेले, ते परतले नाहीत. मग घरही जळाले. वडिलांचा एक फोटोसुद्धा उरला नाही. मी तेवढा उरलो, कारण मी येगोरच्या कोटाच्या खिशात होतो. त्या दिवसापासून मी नुसता चमचा राहिलो नाही, मी त्या मुलाचा बाप झालो. पितळेला हे ओझे फार होते, पण मला कोणी विचारले नाही.

येगोर मोठा झाला, लोखंडी सांगाडे उभारणारा इंजिनिअर झाला. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला तेव्हा तो इथे आला, आणि सगळे त्याला येगोर साहेब म्हणू लागले. त्यांच्या खिशातून मीही आलो. काय ते ऊन आणि काय ती लाल धूळ! जिकडे पाहावे तिकडे मुरूम, क्रेन आणि डोक्यावर पाट्या घेतलेली माणसे. त्या धुळीत आम्हाला कवडू भेटला.

कवडू भंडाऱ्याकडचा. नागपुरात दीक्षा घेऊन, जुने गाव मागे टाकून, आई गिरजाबाईला घेऊन तो भिलाईला आला होता. तो रिगर होता, म्हणजे अवजड तुळया दोरांनी आणि साखळ्यांनी बांधून वर चढवणारा. त्याच्या टोळीचे जमादार देवराव हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत.

"हात सोलून निघाला तरी चालते, पन दोर सोडाचा नाई. तू दोर सोडला का खालचा मानूस गेला समज."

कवडूच्या हाडात ही गोष्ट भिनली होती. त्याच्या टोळीचा दोर कधी सुटला नाही. येगोर साहेबांना हिंदी तोडकीमोडकी येत होती आणि कवडूला रशियन त्याहून तोडकी, तरी दोघांचे चांगले जमले. दिवसभर उंच सांगाड्यावर एकमेकांच्या हातवाऱ्यांवर जीव ठेवणाऱ्या माणसांना बोलायला फार शब्द लागत नाहीत.

रविवारी साहेब जीप काढत आणि कवडूला घेऊन तांदुळा नदीवरच्या जलाशयावर जात. तिथे टिकाराम केवट या नावाड्याचा लहानसा डोंगा होता. टिकाराम वल्हवी, साहेब दोर धरत आणि मी मागून पोहत येई. तांदुळ्यात सॅल्मन नाही, ट्राउटही नाही. पहिल्या दिवशी मला वाटले, या कोमट पाण्यात माझी अब्रू जाणार. पण इथला मिशाळ पढिन मासाही माझ्या नादी लागला, आणि साहेब लहान मुलासारखे ओरडले.

कवडू मात्र डोंग्याच्या मधोमध दोन्ही काठ घट्ट धरून बसलेला असे. त्याला पोहता येत नव्हते. त्याच्या गावाला मोठा तलाव होता, पण त्याच्या घाटावर कवडूच्या माणसांना उतरू देत नसत. गावच्या म्हशी त्यात डुंबत, इतरांची पोरे सूर मारत आणि कवडू लांब बांधावर उभा राहून बघत असे. म्हशीला मुभा आणि माणसाला मनाई! मला हे कळले तेव्हा माझा संताप झाला, आजही होतो.

एकदा साहेबांनी पत्र्याचा मग बुडवून पाणी घेतले, अर्धे प्याले आणि उरलेला मग कवडूपुढे धरला. कवडू क्षणभर थांबला. मग त्याने तोंड लावून पाणी प्यायले आणि रिकामा मग स्वतःच पुन्हा जलाशयात बुडवला. घरी जाऊन त्याने आईला सांगितले, "मा, आज मी तलावातलं पानी माया हातानं घेतलं." गिरजाबाईने पदराने डोळे पुसले.

त्याच गिरजाबाईने एकदा माझी पंचाईत केली. साहेब जेवायला आले असताना मी त्यांच्या टोपीत पडलो होतो. "एवढा मोठा साहेब, अन् चमचा पाहा कसा काळा!" असे म्हणत तिने मला चिंच आणि राख लावून दोन्ही बाजूंनी घासले. माझा काळा रंग, ज्यावर माझी सारी करामत, तो मोरीतून वाहून गेला. साहेब पोट धरधरून हसले आणि त्यांनी मला पुन्हा चुलीच्या धुरावर धरले. कोणी मायेने मला घासले, ते तेवढे एकदाच.

मग साहेबांचा परत जायचा दिवस ठरला. शेवटच्या रविवारी आम्ही तांदुळ्यावर गेलो. साहेबांनी मला पाण्यात सोडण्याआधी कवडूच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "पापा." मग बोटाने करवतीचा जुना व्रण दाखवला, आकाशाकडे हात केला. कवडूला सगळे कळले. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच दोर त्याच्या हातात दिला.

वर काय घडले ते मला फार उशिरा समजले, पण तुम्हाला क्रमाने सांगतो. दुपारी वारा सुटला. मी तळाजवळून चाललो होतो आणि धरणात बुडालेल्या एका झाडाच्या खोडात माझा गळ रुतला. टिकारामने डोंगा मागे आणून बरोबर माझ्या वर उभा केला. कवडू सैल दोर ओढून घेत गेला, आणि कारखान्यातल्या सवयीने मनगटावर गुंडाळत गेला. आता दोर आखूड आणि ताठ झाला होता, सरळ माझ्यापर्यंत खाली उतरत होता. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि डोंगा बाजूला सरकला.

"छोड़ दे!" टिकाराम ओरडला.

दुसरा कोणी असता तर त्याने हात झटकून दोर सोडला असता. कवडूने मूठ आणखी आवळली. त्याच्या जमादाराने त्याला सोडणे शिकवलेच नव्हते. शिवाय दोराच्या टोकाला त्याच्या साहेबाचा बाप होता. तो उठून उभा राहिला, दोराने त्याला खेचले आणि तो पाण्यात गेला.

साहेबांनी डोंग्यातून वाकून त्याची कॉलर पकडली. पण वारा डोंग्याला एकीकडे नेत होता आणि मी दुसरीकडे कवडूचा हात धरून खाली बसलो होतो. त्याचे तोंड पाण्यावर येईना. मी तळाशी सगळे दोरातून ओळखत होतो. मित्रांनो, आयुष्यात मी कितीतरी मासे दोराच्या टोकाला तडफडताना अनुभवले होते. माणूस तडफडताना पहिल्यांदाच अनुभवला. मला सुटायचे होते. मी जीव तोडून सुटायला पाहत होतो, पण गळाला सुटता येत नाही, त्याला तसे बनवलेलेच नसते.

आणि एकाएकी दोर सैल पडला. वरून सावकाश गिरक्या घेत तो माझ्या अंगावर येऊन बसला.

दोर तुटला होता, की त्याला धरणारा हातच गेला होता? मला सांगायला तिथे कोणी नव्हते. डोंग्याची सावली निघून गेली आणि मी त्या खोडावर एकटा राहिलो. पावसाळे आले, गेले. माझ्यावर शेवाळ चढले, शिंपले बसले. एके काळी ज्याच्यावर झडप घालायला मासे धावत, त्याला आता लहान मासोळ्या अंग घासून पुढे जात. त्याचे मला दुःख नव्हते. कवडू जगला की मेला, एवढेच मला हवे होते. मी त्याला मारले असेल तर मला कोणी कधीच बाहेर काढू नये, असे मला वाटे.

मग पाऊस रुसला. एक वर्ष कोरडे गेले, दुसरेही गेले. जलाशय आटत आटत माझ्यापर्यंत आला आणि एका सकाळी खोडाचा शेंडा पाण्याबाहेर डोकावला. मी ऊन पाहिले. आणि काठावरून आवाज आला.

"वापस ये रे कवडू! पानी अजून लई आहे!"

तो गिरजाबाईचा आवाज होता. ती काठावर भेगाळलेल्या चिखलात उभी होती आणि तिने एका छोट्या मुलीचा हात घट्ट धरला होता. पाण्यात एक माणूस येत होता. तो गडबडत नव्हता, काही धरून नव्हता. दोन्ही हातांनी पाणी मागे सारत तो पोहत माझ्याकडे येत होता.

कवडू पोहत होता! त्या अपघातानंतर टिकारामच्या मागे लागून तो पोहायला शिकला होता आणि पाणी उतरले की दर उन्हाळ्यात इथे येऊन मी दिसतो का ते पाहून जात होता. त्याने मला खोडातून हळूच सोडवले. तेव्हा मला त्याचे मनगट दिसले. दोराने कापल्याचा पांढरा व्रण त्याच्याभोवती गेला होता. मी पितळेचा आहे, मला रडता येत नाही. येत असते तर त्या दिवशी मी रडलो असतो.

काठावर त्याच्या मुलीने, शालूने, मला उलटसुलट करून पाहिले. "बाबा, हा तं तुटका चमचा आहे. याच्यासाठी कायले गेले तुमी एवढ्या पान्यात?"

कवडू चिखलातच बसला. "पोरी, हा माया साहेबाचा बाप होय. मी याले सोडत नोतो. सायबानं चाकू काढला अन् दोर कापून टाकला. मले डोंग्यात वढलं. मी पानी ओकून राहिलो, रडून राहिलो, का तुमच्या बापाची वस्तू माया हातानं गेली. तं साहेब मले छातीशी धरून काय म्हने?" त्याने मनगटावरचा व्रण चोळला. "म्हने, चम्मच बहुत. कवडू एक."

गिरजाबाईने शालूच्या हातातून मला घेतले आणि कपाळाला लावले. येगोर साहेब आता या जगात नाहीत, हे रशियातून नव्याने आलेल्या इंजिनिअरांकडून कवडूला कळले होते. मला परत द्यायला कोणी उरले नव्हते. मी कवडूचा झालो.

आता मी भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्याच्या क्वार्टरात राहतो. पाऊस पुन्हा नीट झाला, जलाशय भरला आणि शालूने हट्ट धरला की मला पाण्यात न्यायचे. कवडूने नवा दोर आणला. मग तो आईला म्हणाला, "मा, जुना, सडका धागा दे."

"सडका कायले? मजबूत आहे ना घरी."

"नाई, सडकाच पायजे."

त्याने माझ्या आणि दोराच्या मधे तो धागा बांधला. लहान मासा त्याने निघतो. पण मी कुठे अडकलो, तर शालूच्या हाताला ओढ लागायच्या आत तो तुटेल.

मित्रांनो, वस्तूची काळजी घ्या, असे सांगणाऱ्या जुन्या वस्तू तुम्हाला पुष्कळ भेटल्या असतील. मीही सांगतो. मला कोरडा ठेवा, गळ गंजू देऊ नका, माझी काळी बाजू घासू नका. पण मला धरणारा हात माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मी तांदुळ्याच्या तळाशी शिकलो. कोणाची आठवण असो, बापाची ठेव असो, मला बांधायचे तर कच्च्या धाग्यानेच बांधा. आणि ओढ लागली तर तुटू द्या. मी खाली पडून राहीन. मला त्याची सवय आहे.